सुवर्णाचा उजवा खांदा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, स्टाफरूममध्ये तीस वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायलो त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही, आणि यात मोठेपणा तर अजिबात नाही.

मी सोलापुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात शाल दिली, नारळ दिला, पोरांसाठी झिजलेला माणूस म्हणून भाषणं झाली. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, सर किती विनयी! तेव्हा स्वतःची किळस येत होती असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण नव्हती येत. तेव्हा मी फक्त फोटो कुठून काढतायत ते बघत होतो. किळस आत्ता येतेय, आणि ती का येतेय तेच सांगायचंय — जमलं तर.

गेल्या वर्षी माझा डावा खांदा आखडला. पडलो नाही, आपटलो नाही, एक दिवस हात वर जाईना. पाठीला साबण लावता येईना, पंख्याचं बटण दाबायला उजवा हात वळवून न्यावा लागे. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, कारण असतंच असं नाही. फिजिओथेरपीला पाठवलं. तिथं माझ्यासारखे खूप जण — पोळ्या लाटून खांदा गेलेल्या बायका, फळ्यावर लिहून लिहून दुखणं आलेले मास्तर, बँकेतले कॅशियर. माझ्या खांद्याला कारण नव्हतं. ज्या खांद्याला होतं, त्या खांद्याची ही गोष्ट आहे.

तो सुवर्णाचा. उजवा.

आधी बेसबॉलचं सांगतो. सोलापुरात बेसबॉल? — हसा, हरकत नाही, आमचे हेडमास्तरही हसले होते. पण शाळांच्या क्रीडास्पर्धांत हा खेळ आहे, आणि आम्ही तो का घेतला याचं कारण खेळावरचं प्रेम वगैरे नव्हतं. राज्यपातळीवर खेळलं की दहावीला जादा गुण मिळतात. कबड्डी-खोखोत जिल्हा पार करायलाच जीव जातो, बेसबॉलला अख्ख्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतके संघ. सोपा रस्ता! आई-बाप खूश, शाळा खूश, आणि क्रीडाशिक्षकाचं नाव पेपरात. सगळ्यांना हे माहीत असतं, कुणी बोलत नाही.

या खेळात सगळा भार पिचरवर. क्रिकेटमध्ये सहा चेंडू टाकले की गोलंदाज बाजूला होतो, हात झटकतो, दुसरा टाकतो. इथं एकच मुलगी डोक्यावरून हात फिरवून जिवाच्या जोरानं चेंडू फेकत राहते — डावामागून डाव. दुसरी पिचर नसेल तर तिलाच टाकावं लागतं. माझ्याकडं दुसरी नव्हती. म्हणजे मी तयार केली नव्हती. एक सापडली होती ना, मग कशाला?

सुवर्णा नववीत होती. उंच, लांब हातांची, फार न बोलणारी. तिचे वडील शरणप्पा अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातले, थोडी कोरडवाहू भावांकडं सोडून शहरात आलेले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला होते. दिवसपाळी सुटली की सायकलवरून मैदानाशी यायचे आणि कुंपणाबाहेर सायकल धरून उभे राहायचे. आत या म्हटलं तरी येत नसत. आई महादेवी — सुवर्णा तिला अव्वा म्हणायची — घरी बसून टॉवेलच्या कडांना शिलाई मारायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, शिवून परत जायचे. पोरीला खेळायला पाठवायची हिंमत या बाईची. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा तिनं त्यांना सुनावलं होतं, शिलाई मला हाय की जन्माची, पोरीला पळू द्या. हे मला सुवर्णानंच कौतुकानं सांगितलं होतं. आणखी एक सांगितलं होतं — अव्वा तिला गठ्ठ्याला हातसुद्धा लावू देत नाही. हात जप म्हणते.

हे वाक्य लक्षात ठेवा. मलाही ते लक्षात होतं. चांगलं लक्षात होतं.

त्या वर्षी जिल्हा जिंकला, विभाग जिंकला. राज्यस्पर्धेला दीड महिना होता. जिल्ह्यातल्या एका पुरस्कारासाठी माझा अर्ज गेलेला होता, त्यात राज्यस्पर्धेची ओळ बसली तर काम होणार होतं. मी सुवर्णाला सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर असं दोन वेळा टाकायला लावू लागलो. दिवसाला दोनशे चेंडू. जास्तच, कमी नाही. मला माहीत नव्हतं का? — होतं. प्रशिक्षण शिबिरात स्पष्ट सांगितलं होतं, या वयात हाडं वाढत असतात, चेंडू मोजून टाकायला लावा, मधे दिवस सोडा, दुखतंय म्हटलं की थांबा. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं. अक्षर छान आहे माझं.

त्याच शिबिरात एक सराव दाखवला होता. पिचरच्या बोटांत चेंडूऐवजी कोरडा टॉवेल द्यायचा आणि फेकण्याची नुसती क्रिया करायला लावायची. वजन नाही, झटका नाही, खांद्याला आराम आणि हाताला वळण. चांगली युक्ती आहे. पण माझं डोकं सोलापूरचं! मला वाटलं, कोरड्या टॉवेलानं काय होणार? शरणप्पांनी संघाला घाम पुसायला म्हणून सेकंड मालातले टॉवेल आणून दिले होते — एखादा धागा तुटलेला, कड वाकडी, एवढंच. जाड, पाणी पिणारे. मी ते बादलीत बुडवले. नीट पिळलेही नाहीत. असा निथळता टॉवेल सुवर्णाच्या हातात दिला आणि सांगितलं, मार शंभर. चेंडूंचे दोनशे संपल्यावर हे शंभर. पाणी उडायचं, बाकीच्या पोरी हसायच्या, मीही हसायचो. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना मी ही सोलापुरी पद्धत म्हणून मिरवून सांगितली आहे. दोघांनी लिहून घेतली.

बापानं प्रेमानं दिलेला टॉवेल, आणि मी त्यानंच पोरीचा खांदा मोडत होतो. हे लिहिताना ओकारी येते. येऊ दे.

तीन आठवड्यांनी सुवर्णा म्हणाली, सर, आत दुखतंय, हात वर गेला की कायतरी अडकतं. मी थंड फवारा मारला. चार दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, मोठ्या खेळाडूंना काय दुखत नाही का? मग तिनं म्हणायचं बंद केलं. ती डाव्या हातानं जेवणाचा डबा उघडते हे मला दिसत होतं. मी दुसरीकडं बघायचो. माणसाला दुसरीकडं बघायला किती कमी कष्ट पडतात!

शेवटी घरी आईनं पाहिलं. वेणी घालायला पोरीचा हात मागं जाईना. तिनं शरणप्पांच्या मागं लागून डॉक्टर गाठायला लावला, आणि शरणप्पा माझ्याकडं आले. म्हणाले, सर, तुमी पण चला की संगं. डॉक्टर काय म्हंत्यात ते आमाला कळत न्हाय, तुमाला कळंल.

मी गेलो. तिथंच ते घडलं — ज्याच्याभोवती मी मघापासून घिरट्या घालतोय.

केबिनमध्ये आम्ही चौघं. डॉक्टर, शरणप्पा, सुवर्णा, मी. महादेवी बाहेर बाकावर, चपलांजवळ. डॉक्टरांनी हात फिरवून बघितला, सुवर्णाचे डोळे भरले. त्यांनी विचारलं, रोज किती चेंडू टाकते? शरणप्पांनी माझ्याकडं बघितलं. पोरीनंही बघितलं.

मी म्हणालो, चाळीस-पन्नास. तेही रोज नाही.

एवढंच म्हणून थांबलो असतो तर तो एक भेकडपणा झाला असता. पण डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, पन्नास चेंडूंनी असं होत नाही असं ते म्हणाले, आणि मला कारण द्यावं लागलं. म्हणजे — लागलं नाही. मी दिलं. मी म्हणालो, घरी टॉवेलचं काम आहे ना यांच्या. गठ्ठे उचलते ती. आईला मदत म्हणून. मी किती वेळा सांगितलं, वजन उचलू नकोस, पण ऐकणार कोण?

किती सहज आलं ते तोंडातून! आणि किती सहज पटलं! गरिबाच्या घरात दुखणं आलं की ते कामानंच आलं असणार, असं डॉक्टरांनाही वाटतं, शेजाऱ्यांनाही, खुद्द त्या गरिबालाही. शरणप्पा दिवसभर मागावर; घरात कोण काय उचलतं त्यांना काय माहीत? त्यांनी एकदम दाराकडं बघितलं, जिथं बाहेर बायको बसली होती. सुवर्णा म्हणाली, सर, पण तो टॉवेल — आणि मी तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. वडीलधाऱ्यासारखा. ती गप्प झाली.

डॉक्टरांनी त्यावरून औषध ठरवलं. वजन अजिबात उचलायचं नाही, चेंडू थोडे थोडे टाकले तर चालतील. माझ्या खोट्यावर त्यांनी इलाज बांधला. एमआरआय काढायचा का, असं स्वतःशीच पुटपुटले, मग म्हणाले, आधी वजन बंद करून बघू.

बाहेर आल्यावर शरणप्पा औषधं आणायला गेले. महादेवी नळावर पाणी प्यायला गेली. मी सुवर्णाला जिन्यापाशी नेलं. तिला काय म्हणालो ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहिणं नाटक ठरेल. मी म्हणालो, ओल्या टॉवेलचं घरी बोललीस तर तुला राज्याला नेता येणार नाही. मग दहावीचे गुणही गेले आणि संघातल्या बाकीच्या पोरींचेही गेले. तुझ्यामुळं.

पंधरा वर्षांची पोर. तिनं मान हलवली.

राज्यस्पर्धा अकलूजला झाल्या. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या सामन्यात, चौथ्या डावात, तिनं चेंडू टाकला आणि तो दहा फुटांवर जमिनीत रुतला. ती ओरडली नाही. तिनं डाव्या हातानं उजवा हात कोपराशी धरला आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. आत खांद्याच्या खोबणीतली कूर्चा फाटली होती, हे पुढं तपासणीत कळलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. शरणप्पा ऑपरेशनला घाबरले, व्यायामावर ठेवलं. हात कानापर्यंत वर यायला वर्ष गेलं, त्याच्या वर कधी गेला नाही. बेसबॉल संपला. गुण मात्र मिळाले. तिलाही आणि बाकीच्यांनाही. मला पुरस्कार मिळाला. तो आमच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे.

पण खांद्यापेक्षा वाईट पुढं झालं. शरणप्पांनी बायकोला धारेवर धरलं. तू पोरीला गठ्ठे उचलायला लावलेस, मी कारखान्यात मरतोय आणि तू घरात पोरीचा हात घालवलास. ती शपथा घ्यायची, नाही लावले. पोर माझ्या धमकीनं अजून गप्पच होती. ते म्हणायचे, मग सर काय खोटं बोलतील? सर! — या एका शब्दापुढं त्या बाईच्या सगळ्या शपथा फिक्या पडल्या. बोलणं टाकलं त्यांनी तिच्याशी, कितीतरी दिवस. पोरीचं जेवणही स्वतः वाढायचे. हे सगळं मला कसं कळलं? तेच सांगायला आले होते शाळेत. स्पर्धेनंतर पंधरा दिवसांनी, इस्त्रीचा शर्ट घालून, माझी माफी मागायला. म्हणाले, आमच्या घरच्यामुळं तुमचा संघ हारला, सर. लई वाईट वाटतंय.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, असू दे, होतं असं.

असू दे. मी त्यांना क्षमा केली! आजही ते दोन शब्द आठवले की स्वतःच्या तोंडात थुंकावंसं वाटतं.

नंतर बारा वर्षं गेली. सुवर्णा शिकली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं. पत्रिका आली होती, मी गेलो नाही. ओल्या टॉवेलची पद्धत बंद केली, गुपचूप. ज्या दोघा शिक्षकांनी लिहून घेतली होती त्यांना मात्र फोन करून बंद करा म्हटलं नाही. का बंद करा, असं त्यांनी विचारलं असतं ना.

आता फिजिओथेरपीवर येतो. गेल्या महिन्यातली गोष्ट. मी भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, सर! वळखलं का? सुवर्णाचा बाप की.

शरणप्पाच. केस पांढरे, पाठ वाकलेली, हसू तेच. शेजारच्या खुर्चीवर महादेवी बसली होती. तिचा उजवा खांदा आखडला होता. वीस-पंचवीस वर्षं शिलाई मारल्यावर खांदा धरणारच, पण शरणप्पांकडं कारण तयार होतं. ते हसत हसतच म्हणाले, बघा की सर, पोरीचं जे केलं ते हिच्यावरच उलटलं. हिला अजून पटत न्हाय. तुमीच डॉक्टरला सांगितलं व्हतं का न्हाय? सांगा की एकदा हिला, तुमच्या तोंडानं.

सगळा हॉल ऐकत होता असं वाटलं. कुणीच ऐकत नव्हतं. जो तो आपापला हात उचलत होता. महादेवी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. नुसती बघत होती.

आणि आता विचारा मला — आता कसली भीती होती? नोकरी नाही, पुरस्कार मिळून जुना झालाय, हेडमास्तर वारले. खरं बोललो असतो तर काय गेलं असतं? एका म्हाताऱ्या विणकराच्या नजरेतून उतरलो असतो, एवढंच. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो असं म्हणता येईल. या वेळी तेही म्हणता येत नाही.

मी मान हलवली. म्हणालो, हो, होतं तसं.

शरणप्पा बायकोकडं वळून म्हणाले, ऐकलंस? एवढ्यात त्यांना कागदावर सही करायला काउंटरवर बोलावलं. ते गेले. महादेवी कप्पीवरची दोरी धरून बसली होती. डावा हात खाली ओढला की दुखरा उजवा वर जातो, तसला व्यायाम. ती दोरी ओढत, माझ्याकडं न बघता, हळू बोलली.

"सुवर्णानं लगीन ठरलं तवाच सांगितलं मला समदं. वल्या टॉवेलचं. तुमी तिला गप ऱ्हा म्हणला ते बी."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो.

"ह्यांना न्हाय सांगितलं मी. सांगितलं तर पोरीनं बापाला एवढी वरसं फसवलं म्हणतील, तिचं माहेर तुटंल. म्हणून म्हणलं, ऱ्हाऊ दे माझ्यावरच." दोरी एकदा वर, एकदा खाली. "पर आज तरी तुमी बोलाल वाटलं व्हतं, सर."

त्या क्षणी मला काय वाटलं, तीच खरी कबुली आहे. वरचं सगळं तिच्याआधीची वाट होती. लाज वाटायला हवी होती ना? लाज मागून आली. सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे ही बोलणार नाही. म्हणजे बाहेर फुटणार नाही. बारा वर्षं जिनं माझं पाप स्वतःच्या माथ्यावर वाहिलं, तिच्या शेजारी बसून मी हिशेब केला की आता मी कायमचा सुरक्षित आहे.

शरणप्पा परत आले. माझा व्यायाम संपला होता. मी शर्ट घालू लागलो आणि डावा हात बाहीत जाईना. त्यांनी ते बघितलं. पुढं आले, बाही धरली, माझा हात कोपराशी उचलला आणि अगदी सावकाश आत सरकवला. एकेक बटणही लावलं. म्हणाले, जपून, सर. खांदा लई वाईट असतोय.

महादेवी बघत होती. मी शरणप्पांना थँक यू म्हणालो.

ती दोघं मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मीही त्याच दिवशी येतो. त्यानंतर आम्ही सहा वेळा भेटलो आहोत, शेजारी बसलो आहोत, शरणप्पांनी दर वेळी मला शर्ट घालायला मदत केली आहे. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.